अमेरिकेत इन्सुलिन स्वस्त कोणी केलं?

मे २०१७ मध्ये मिनेसोटा राज्यातला ॲलेक स्मिथ हा तरुण २६ वर्षांचा झाला. त्याला टाइप १ मधुमेह होता. या आजारात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, ते रोज टोचून घ्यावं लागतं आणि काही दिवस मिळालं नाही तर माणूस जगत नाही. तोपर्यंत ॲलेक आईच्या आरोग्य विम्यात होता. २०१० च्या 'अफोर्डेबल केअर ॲक्ट'ने, म्हणजे ज्याला सगळे ओबामाकेअर म्हणतात त्या कायद्याने, मुलांना २६ वर्षांचे होईपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहता येतं. वाढदिवस झाला आणि ही सोय संपली. ॲलेक एका रेस्टॉरंटमध्ये मॅनेजर होता, वर्षाला सुमारे ३५,००० डॉलर कमवत होता. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत बसायला ही कमाई जास्त होती आणि परवडेल असा चांगला विमा घ्यायला कमी. विम्याशिवाय इन्सुलिन आणि त्यासोबतच्या साहित्याचा खर्च महिन्याला १,३०० डॉलरच्या आसपास जात होता. पगार हातात येईपर्यंत त्याने उरलेलं इन्सुलिन पुरवून पुरवून वापरलं. जून संपायच्या आत तो गेला.

मिनेसोटातल्या एका कायद्याला आज त्याचं नाव आहे. तो कायदा कसा झाला, त्याच्या आधी आणि नंतर इतर राज्यांनी काय केलं, वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने; प्रतिनिधीगृह आणि सिनेट ही तिची दोन सभागृहं) काय केलं आणि काय राहून गेलं, हे नीट पाहिलं तर अमेरिकेतलं आरोग्य धोरण कसं घडतं याचा बराचसा उलगडा होतो. म्हणून या लेखात मुद्दाम एकच औषध धरून चालू या.

कोणाच्या हातात काय आहे

अमेरिकेच्या राज्यघटनेत 'आरोग्य' हा शब्दच नाही. घटनेच्या दहाव्या दुरुस्तीनुसार जे अधिकार केंद्राला स्पष्टपणे दिलेले नाहीत ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. त्यामुळे डॉक्टरांचा परवाना, फार्मासिस्टने काय द्यावं आणि काय देऊ नये, हॉस्पिटलची नोंदणी, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या लसी, हे सगळं राज्यांच्या विधिमंडळांत ठरतं. केंद्राकडे मुख्यतः दोन गोष्टी आहेत: पैसा, म्हणजे कर घेणं आणि खर्च करणं, आणि राज्याराज्यांमधल्या व्यापारावरचं नियंत्रण. औषध सुरक्षित आहे का, ते बाजारात येऊ द्यायचं का, हे एफडीए ही केंद्रीय संस्था ठरवते, तेही या व्यापाराच्या अधिकारातूनच.

विम्याचं प्रकरण आणखी वेगळं आहे. भारतात देशभरच्या विमा कंपन्यांवर आयआरडीएआय ही एकच संस्था देखरेख करते. अमेरिकेत १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने काँग्रेसने विम्याचं नियमन राज्यांवर सोपवलं. त्यामुळे न्यू जर्सीतली पॉलिसी आणि टेक्सासमधली पॉलिसी यांत काय असलंच पाहिजे हे वेगवेगळं असू शकतं. नोकरीसाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या आपल्या मंडळींना हा फरक पहिल्या बिलालाच कळतो.

१९६५ मध्ये लिंडन जॉन्सन यांच्या काळात दोन मोठ्या योजना आल्या. मेडिकेअर ही मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठी, आणि ती पूर्णपणे केंद्राची. मेडिकेड ही कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी, आणि ती केंद्र व राज्य यांनी मिळून चालवायची. मेडिकेडमध्ये सामील व्हायचं की नाही हे राज्याने ठरवायचं होतं. ॲरिझोना सगळ्यात शेवटी, १९८२ मध्ये आलं. ओबामाकेअरने २०१० मध्ये सगळ्या राज्यांना मेडिकेड वाढवायला सांगितलं, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेला कुठलाही प्रौढ त्यात यावा. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्यांवर अशी सक्ती करता येणार नाही. आजही १० राज्यांनी ही वाढ स्वीकारलेली नाही, त्यांत टेक्सास आणि फ्लोरिडा आहेत. टेक्सासमध्ये मूल नसलेला, धडधाकट प्रौढ कितीही गरीब असला तरी मेडिकेडमध्ये बसत नाही. काही ठिकाणी आमदारांनी नाही म्हटलं तेव्हा लोकांनी सार्वमताने ही वाढ करून घेतली: मिसुरी आणि ओक्लाहोमात २०२० मध्ये, साउथ डकोटात २०२२ मध्ये.

आणि औषधाची किंमत? ती ठरवणारं कोणीच नव्हतं. भारतात अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असलेल्या इन्सुलिनची कमाल किंमत एनपीपीए ही सरकारी संस्था ठरवून देते. अमेरिकेत अशी व्यवस्था नाही. इतकंच नव्हे, मेडिकेअरमध्ये औषधांचा समावेश करणाऱ्या २००३ च्या कायद्यातच एक कलम होतं की सरकारने कंपन्यांशी किमतीवर घासाघीस करायची नाही. देशातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक, आणि त्याने भाव करायचा नाही असा कायदा. हे कलम जवळजवळ वीस वर्षं टिकलं.

२१ डॉलरची कुपी

इन्सुलिन शोधणाऱ्यांनी १९२३ मध्ये पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलर घेऊन देऊन टाकले. औषध कोणा एकाच्या मक्तेदारीत जाऊ नये, ही त्यामागची भावना होती. शंभर वर्षांनी अमेरिकेत ९० टक्क्यांहून अधिक बाजार तीन कंपन्यांकडे होता: एली लिली, नोव्हो नॉर्डिस्क आणि सनोफी. लिलीचं ह्युमॅलॉग हे इन्सुलिन १९९६ मध्ये बाजारात आलं तेव्हा एका कुपीची छापील किंमत २१ डॉलर होती. २०१७ च्या सुमारास तीच कुपी २७५ डॉलरला गेली. औषध तेच, कुपी तीच.

किंमत इतकी का चढली? मधल्या दलालांमुळे बऱ्याच अंशी. अमेरिकेत विमा कंपनी आणि औषध कंपनी यांच्यामध्ये 'फार्मसी बेनिफिट मॅनेजर' नावाच्या कंपन्या असतात. विम्याच्या यादीत कुठलं औषध घ्यायचं हे त्या ठरवतात आणि त्या बदल्यात औषध कंपनीकडून सूट घेतात. अशा तीन मोठ्या दलाल कंपन्या मिळून देशातल्या जवळजवळ ८० टक्के प्रिस्क्रिप्शन्सचं काम पाहतात. सूट छापील किमतीच्या टक्क्यांत मिळते, म्हणून किंमत जितकी चढी तितकी सूट मोठी. २०२१ च्या जानेवारीत सिनेटच्या वित्त समितीने, रिपब्लिकन चक ग्रासली आणि डेमोक्रॅट रॉन वायडन या दोघांच्या नावाने, इन्सुलिनच्या किमतींवर अहवाल काढला. यादीत जागा मिळवण्याच्या या चढाओढीने छापील किमती वर ढकलल्या, हे त्यात कंपन्यांच्याच अंतर्गत कागदपत्रांवरून दाखवलं होतं. ही सूट पेशंटच्या खिशापर्यंत पोचत नव्हती. ज्याला विमाच नाही, किंवा ज्याचं डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम, अजून भरायचं आहे, तो छापील किंमत मोजत होता.

समितीचा अहवाल म्हणजे कायदा नव्हे, पण कायदेमंडळाचं हे काम कमी लेखू नये. अधिकाऱ्यांना शपथेवर बोलावता येतं, कागद मागवता येतात. २०१९ मध्ये औषध कंपन्यांच्या आणि दलाल कंपन्यांच्या वरिष्ठांना काँग्रेसपुढे उभं राहून प्रश्नांना उत्तरं द्यावी लागली. त्या सुनावण्यांआधी सामान्य माणसाला एवढंच माहीत होतं की औषध महाग आहे. कोण कोणाला किती देतं हे त्यानंतर उघड बोललं जाऊ लागलं.

राज्यं पुढे झाली

सुरुवात छोट्या कायद्यांनी झाली. ओहायोत केव्हिन नावाच्या एका तरुणाचं प्रिस्क्रिप्शन वर्षाच्या अखेरीस संपलं, सुट्टीत डॉक्टर सापडला नाही, दुकानाने इन्सुलिन दिलं नाही आणि जानेवारी २०१४ मध्ये तो मरण पावला. फार्मासिस्टने काय द्यावं हा राज्याच्या अखत्यारीतला विषय, म्हणून त्याच्या घरच्यांनी राज्याच्या विधिमंडळाकडे धाव घेतली. २०१५ च्या शेवटी 'केव्हिन्स लॉ' झाला: अडीअडचणीला, काही अटींवर, फार्मासिस्ट डॉक्टरच्या नव्या चिठ्ठीशिवाय जीवरक्षक औषध देऊ शकतो. नंतर अनेक राज्यांनी असे कायदे केले. सरकारच्या तिजोरीतून फारसं काही न जाता माणसं वाचवणारा हा कायदा आहे, आणि याची बातमी राष्ट्रीय वाहिन्यांवर क्वचितच झाली.

पैशाचा प्रश्न पहिल्यांदा कोलोरॅडोने हातात घेतला. मे २०१९ मध्ये गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी सही केलेल्या कायद्यानुसार विमाधारकाला इन्सुलिनसाठी महिन्याला १०० डॉलरहून अधिक कोपे, म्हणजे औषध घेताना स्वतःच्या खिशातून द्यायचा वाटा, लावता येणार नाही असं ठरलं. देशातला हा असा पहिला कायदा. मग रीघ लागली. न्यू मेक्सिकोने २५ डॉलर ठरवले, टेक्सासनेही २५ डॉलर ठरवले. आता २५ हून अधिक राज्यांत अशी कुठली ना कुठली मर्यादा आहे. त्यांत डेमोक्रॅटिक राज्यं आहेत तशी रिपब्लिकनही आहेत. अमेरिकेत आरोग्यावरून दोन पक्षांत किती टोकाचं भांडण चालतं हे माहीत असलेल्याला याचं आश्चर्य वाटेल. पण राज्याच्या विधिमंडळात आमदार आपल्या मतदारांच्या जवळ असतो. न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधीगृहात ४०० सदस्य आहेत, म्हणजे साधारण ३,५०० माणसांमागे एक. त्या आमदाराच्या गल्लीतच एखादं मूल इन्सुलिनवर असतं.

इथे दोन अडचणी आहेत आणि त्या नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

पहिली: कोपेवर मर्यादा घातली म्हणजे औषध स्वस्त झालं असं नाही. पेशंटने कमी दिलं, बाकीचं विमा कंपनीने दिलं, आणि ते हळूहळू सगळ्यांच्या प्रीमियममध्ये उतरलं. कंपनीला मिळायचं ते मिळतच राहिलं. शिवाय ज्याला विमाच नाही त्याला या कायद्याचा काडीचा उपयोग नाही. ॲलेक कोलोरॅडोत असता आणि हा कायदा तेव्हा असता तरी तो वाचला नसता.

दुसरी अडचण अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी वाचकांना थेट लागू पडते. १९७४ मध्ये काँग्रेसने एरिसा नावाचा कायदा केला. तो मूळचा पेन्शन वाचवण्यासाठी होता, पण कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना दिलेल्या आरोग्य योजनाही त्यात आल्या. अनेक मोठ्या कंपन्या विमा कंपनीकडून पॉलिसी विकत घेत नाहीत. कर्मचाऱ्यांच्या आजारपणाचा खर्च स्वतःच्या पैशातून करतात आणि विमा कंपनीला फक्त कारकुनी कामाचे पैसे देतात. तुमच्या कार्डावर विमा कंपनीचं नाव असतं, पण पैसे तुमच्या मालकाचे असतात. अशा योजनांना एरिसामुळे राज्याचे विम्याचे नियम लागू होत नाहीत. नोकरीतून विमा मिळणाऱ्या दहापैकी सहाहून अधिक कामगार अशाच योजनांत आहेत. म्हणजे राज्याच्या विधिमंडळाने एकमताने कायदा केला तरी राज्यातल्या निम्म्याहून अधिक नोकरदारांना तो शिवत नाही. मोठ्या आयटी कंपनीत काम करणाऱ्याने म्हणूनच आधी एचआरला विचारावं: आपली योजना 'सेल्फ-फंडेड' आहे की 'फुली इन्शुअर्ड'? उत्तर पहिलं असेल तर राज्याची मर्यादा तुमच्यासाठी नाही, आणि कंपनीने स्वतःहून काही ठेवलं असेल तेवढंच.

राज्यांनी या भिंतीत फटी शोधल्या. आर्कान्सासने दलाल कंपन्यांनी औषध दुकानांना किती पैसे द्यावेत यावर कायदा केला. तो एरिसाच्या विरुद्ध आहे असं म्हणत दलालांची संघटना न्यायालयात गेली. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी आर्कान्सासच्या कायद्याला परवानगी दिली. तेव्हापासून राज्यांना या बाजूने थोडी वाट मिळाली आहे.

मिनेसोटा: जो विम्यात नाही त्याचं काय

ॲलेकची आई आणि तिच्यासारखी आणखी माणसं मिनेसोटाच्या विधिमंडळात पुन्हा पुन्हा साक्ष द्यायला आली. त्यांची मागणी कोपेची नव्हती. ज्याच्याकडे आज इन्सुलिन संपलं आहे आणि पैसे नाहीत त्याला आजच्या आज ते मिळालं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

२०१९ मध्ये देशात दोन सभागृहं दोन वेगळ्या पक्षांकडे असलेलं मिनेसोटा हे एकमेव राज्य होतं. प्रतिनिधीगृह डेमोक्रॅटांकडे, सिनेट रिपब्लिकनांकडे. राज्याच्या घटनेनुसार अधिवेशन मे महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारनंतरच्या सोमवारी संपवावं लागतं. त्या घाईत वाटाघाटी झाल्या आणि तातडीच्या इन्सुलिनचा भाग अंतिम विधेयकातून गळला. विरोध इन्सुलिनला नव्हता. पैसे कोणी द्यायचे आणि वाटप कोणी करायचं यावर ते अडलं. बहुतेक आरोग्य कायदे इथेच अडतात, म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या उन्हाळ्यात अमेरिकन पेशंट बसने कॅनडात इन्सुलिन आणायला गेले. सिनेटर बर्नी सँडर्स जुलैमध्ये अशाच एका गटाबरोबर ओंटारिओतल्या विंडसरला गेले. तिथे तेच औषध अमेरिकेतल्या किमतीच्या सुमारे दहाव्या हिश्शात मिळत होतं.

पुढच्या वर्षी दोन्ही सभागृहांनी एकमेकांचा अर्धा अर्धा विचार घेतला. प्रतिनिधीगृहातले माइक हॉवर्ड आणि सिनेटमधले एरिक प्रॅट हे विधेयकाचे मुख्य सूत्रधार होते. १५ एप्रिल २०२० रोजी, कोव्हिडच्या टाळेबंदीत, गव्हर्नर टिम वॉल्झ यांनी 'ॲलेक स्मिथ इन्सुलिन अफोर्डेबिलिटी ॲक्ट'वर सही केली. कायद्यात दोन सोयी होत्या. एक, ज्याच्याकडे सात दिवसांपेक्षा कमी इन्सुलिन उरलं आहे त्याने औषधाच्या दुकानात अर्ज भरायचा आणि जास्तीत जास्त ३५ डॉलरमध्ये ३० दिवसांचं इन्सुलिन घ्यायचं, वर्षातून एकदा. दोन, दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्याला पुढे वर्षभर, ९० दिवसांना ५० डॉलरपर्यंत देऊन. एकट्या माणसासाठी ही मर्यादा त्या वर्षी साधारण ५१,००० डॉलर होती. ३५,००० कमावणारा ॲलेक यात सहज बसला असता.

या इन्सुलिनचे पैसे सरकारने द्यायचे नव्हते. ते औषध कंपनीने पुरवायचं होतं, आणि न पुरवल्यास दंड महिन्याला २ लाख डॉलरपासून सुरू होत होता. साहजिकच कायदा लागू होण्याच्या आदल्या दिवशी, ३० जून २०२० रोजी, औषध कंपन्यांच्या संघटनेने खटला भरला. त्यांचं म्हणणं असं की मोबदला न देता खाजगी मालमत्ता घेणं घटनेच्या पाचव्या दुरुस्तीच्या विरुद्ध आहे. खालच्या न्यायालयाने खटला काढून टाकला, २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो परत जिवंत केला. विधिमंडळाने कायदा केला म्हणजे काम झालं असं अमेरिकेत कधीच नसतं. कायद्याचं अर्धं आयुष्य न्यायालयात जातं.

माझ्या मते या सगळ्या कायद्यांत मिनेसोटाचा कायदा सर्वांत माणुसकीचा आहे. बाकीच्यांनी विमा असलेल्याचं बिल कमी केलं. याने दुकानाच्या काउंटरसमोर रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या माणसाचा विचार केला.

वॉशिंग्टनमधला रविवार

आता काँग्रेस. मार्च २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहाने २३२ विरुद्ध १९३ मतांनी विधेयक मंजूर केलं: मेडिकेअर असो की खाजगी विमा, इन्सुलिनचा कोपे महिन्याला ३५ डॉलरहून जास्त नाही. केंद्राचा कायदा असल्याने यात एरिसाची भिंत आड येणार नव्हती. पण सिनेटमध्ये साधं बहुमत पुरत नाही. चर्चा थांबवून मतदान घ्यायला १०० पैकी ६० मतं लागतात, आणि डेमोक्रॅटांकडे ५० होती.

यातून एक वाट आहे, 'रिकन्सिलिएशन'. १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्याने केलेल्या या सोयीत अर्थसंकल्पाशी निगडित विधेयक साध्या बहुमताने मंजूर करता येतं. मात्र वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे: विधेयकातल्या प्रत्येक कलमाचा सरकारच्या जमाखर्चावर खराखुरा परिणाम हवा, नुसता जाता जाता झालेला नको. कोणतं कलम यात बसतं हे सिनेटचे पार्लमेंटेरियन, म्हणजे सभागृहाला नियमांवर सल्ला देणारे अधिकारी, सांगतात. तेव्हा या पदावर एलिझाबेथ मॅकडोना होत्या. त्यांचा सल्ला असा होता की मेडिकेअर सरकारच्या पैशाने चालतं, म्हणून मेडिकेअरची ३५ डॉलरची मर्यादा बसते. खाजगी विम्यातला कोपे हा विमा कंपनी आणि पेशंट यांच्यातला व्यवहार, म्हणून तो भाग बसत नाही.

७ ऑगस्ट २०२२, रविवार. रात्रभर मतदानं चालू होती. खाजगी विम्यावरची मर्यादा ठेवायची का, यावर मत घेतलं तेव्हा ५७ हो आणि ४३ नाही अशी मतं पडली. ७ रिपब्लिकन सिनेटर हो म्हणाले. बहुमत स्पष्ट होतं, पण ६० हवी होती. तीन मतं कमी पडली आणि खाजगी विमा असलेल्या लाखो लोकांची मर्यादा विधेयकातून निघाली. उरलेलं विधेयक ५१ विरुद्ध ५० मतांनी पार पडलं, उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांचं निर्णायक मत घेऊन.

१६ ऑगस्टला बायडेन यांची सही झालेला हाच तो 'इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट'. जानेवारी २०२३ पासून मेडिकेअरमधल्या ज्येष्ठांना इन्सुलिन महिन्याला जास्तीत जास्त ३५ डॉलरला मिळू लागलं. ही मर्यादा २०२० मध्ये असती तर सुमारे १५ लाख ज्येष्ठांचे पैसे वाचले असते, असा आरोग्य खात्याचा हिशेब होता. याच कायद्याने २००३ चं ते घासाघीस न करण्याचं बंधनही सैल केलं. किमतीवर बोलणी करायच्या पहिल्या १० औषधांत नोव्होलॉग हे इन्सुलिन होतं. महिन्याची छापील किंमत ४९५ डॉलर, बोलणीनंतर ठरलेली ११९ डॉलर, १ जानेवारी २०२६ पासून लागू.

खाजगी विम्यासाठी डेमोक्रॅट जीन शाहीन आणि रिपब्लिकन सुझन कॉलिन्स या दोघींनी नंतर मिळून विधेयक आणलं. ते अजून कायदा झालेलं नाही.

कोणाच्या लक्षात न आलेलं कलम

मग १ मार्च २०२३ रोजी एक मोठी बातमी आली. एली लिलीने सर्वाधिक वापरातल्या आपल्या इन्सुलिनची छापील किंमत ७० टक्क्यांनी उतरवणार आणि या औषधाला पेशंटकडून महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त घेणार नाही असं जाहीर केलं. दोन आठवड्यांत नोव्होने ७५ टक्क्यांपर्यंत, तर सनोफीने आपल्या लँटस या इन्सुलिनवर ७८ टक्के कपात जाहीर केली. या दोघांच्या कपाती जानेवारी २०२४ पासून. ज्या किमती वीस वर्षं फक्त चढत होत्या त्या पंधरवड्यात कोसळल्या.

जनमताचा दबाव होता, खटले होते, अध्यक्षांची भाषणं होती. पण ही जानेवारी २०२४ ची तारीख पाहा. १९९० च्या एका कायद्यानुसार औषध कंपन्यांना मेडिकेडला प्रत्येक औषधावर सूट परत द्यावी लागते. महागाईपेक्षा वेगाने किंमत वाढवली तर सूट आणखी वाढते. मात्र तिला एक मर्यादा होती: औषधाच्या किमतीच्या १०० टक्क्यांवर ती जाणार नाही. म्हणजे फार तर औषध फुकट द्यावं लागेल. मार्च २०२१ मध्ये कोव्हिडच्या मदतीसाठी केलेल्या 'अमेरिकन रेस्क्यू प्लॅन'मध्ये एक छोटं कलम होतं, त्याने ही मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून काढून टाकली. ज्याची किंमत वर्षानुवर्षं वाढवली होती त्या इन्सुलिनचा हिशेब आता उलटा फिरणार होता: मेडिकेडच्या पेशंटला दिलेल्या प्रत्येक कुपीमागे कंपनीलाच पदरचे पैसे भरावे लागले असते. त्यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे छापील किंमत खाली आणणं.

कंपन्यांनी आपल्या घोषणांत हे कारण पुढे केलं नाही. आरोग्य अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी मात्र ते लगेच दाखवून दिलं, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. ३५ डॉलरचा आकडा भाषणांत गाजला, तो सगळ्यांना पाठ झाला. पण विमा नसलेल्या माणसासाठीसुद्धा छापील किंमत उतरवली ती त्या कोव्हिड विधेयकाच्या पोटातल्या चार ओळींनी. कायदे वाचणाऱ्याने मथळ्याबरोबर लागू होण्याच्या तारखाही वाचाव्यात, हे मी इथून शिकलो.

अजून काय उरलं आहे

कॅलिफोर्नियाने तिसरी वाट धरली. २०२० मध्ये तिथल्या विधिमंडळाने राज्याला स्वतःच्या नावाने औषधं उपलब्ध करायची परवानगी दिली आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात इन्सुलिनसाठी १० कोटी डॉलर ठेवले. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी २०२३ मध्ये ३५ डॉलरच्या मर्यादेचं विधेयक नाकारलं. मर्यादेपेक्षा मूळ किंमतच कमी करायची, असं त्यांचं म्हणणं. सरकारी इन्सुलिन येता येता बरीच वर्षं गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी मर्यादेच्या नव्या विधेयकावरही सही केली आणि २०२६ पासून 'कॅलआरएक्स' नावाने इन्सुलिन टोचायच्या पाच पेनांचा खोका ५५ डॉलरला, म्हणजे पेन ११ डॉलरला, मिळेल असं जाहीर केलं. हे इन्सुलिन बनवणारी कंपनी आहे बंगळुरूची बायोकॉन.

दुसरीकडे जुलै २०२५ मध्ये झालेल्या केंद्राच्या मोठ्या कायद्याने मेडिकेडमधल्या अनेक प्रौढांना कामाची अट घातली आहे, ती २०२७ पासून लागू व्हायची आहे. काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार या कायद्यामुळे २०३४ पर्यंत विमा नसलेल्यांची संख्या सुमारे १ कोटीने वाढेल. कोपेची मर्यादा कितीही खाली आणली तरी ती विमा असलेल्यांपुरतीच असते. म्हणून मेडिकेडवरचा कायदा हा इन्सुलिनवरचाही कायदा आहे, त्यात इन्सुलिनचा उल्लेख एकदाही नसला तरी.

तिथे राहणाऱ्या, पण नागरिक नसलेल्या आपल्या लोकांना वाटतं की मत नाही म्हणजे यात आपलं काम नाही. मत देता येत नाही हे खरं. पण राज्याच्या विधिमंडळातल्या समितीपुढे साक्ष द्यायला किंवा आमदाराला पत्र लिहायला सहसा नागरिकत्व लागत नाही. सुनावण्यांच्या तारखा विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतात, बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. प्रश्न कोणाकडे न्यायचा एवढं आधी पाहावं: दुकानदार औषध देत नाही, राज्याच्या नियमातली विमा कंपनी मोडता घालते, तर राज्याचा आमदार. मेडिकेअर, एरिसा किंवा मेडिकेडला केंद्राकडून मिळणारा पैसा, तर काँग्रेसचा सदस्य. चुकीच्या दारावर वर्षभर थाप मारणारी माणसं कमी नाहीत.

पुण्याहून किंवा नागपूरहून सहा महिन्यांसाठी मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांचं प्रकरण यातलं सगळ्यात नाजूक. ते मेडिकेअरमध्ये नसतात, म्हणून केंद्राची ३५ डॉलरची मर्यादा त्यांना नाही. प्रवासी विमा बहुधा आधीपासूनच्या मधुमेहाचा नेहमीचा खर्च देत नाही, आणि राज्याच्या कोपेच्या मर्यादेत तो विमा येत नाही. त्यांच्यापर्यंत पोचलेली गोष्ट एकच, उतरलेली छापील किंमत: लिलीच्या लिस्प्रोची (म्हणजे ह्युमॅलॉगचंच ब्रँडच्या नावाशिवायचं रूप) कुपी मे २०२३ पासून २५ डॉलरला आहे. तिला तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. जुन्या पद्धतीचं मानवी इन्सुलिन बहुतेक राज्यांत चिठ्ठीशिवाय साधारण तेवढ्याच किमतीत मिळतं, पण त्याचा वेग आणि मात्रा वेगळी असते. नेहमीचं इन्सुलिन सोडून ते घ्यायचं तर आधी डॉक्टरशी बोलूनच.